सकाळी चालू होत नाही, संध्याकाळी होतो : जुन्या पीसीचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप नीट बूट होत नाही, म्हणजे बटण दाबल्यावर विंडोजपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यातली चार घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्यात तीन वेगवेगळे बिघाड एकमेकांत गुंतलेत आणि दुकानात त्या सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं गेलंय, "मदरबोर्ड गेला".

प्रश्न : नमस्कार सर, मी संगमेश्वर तालुक्यातून लिहितोय. माझ्याकडे २०१२ ला असेंबल करून घेतलेला पीसी आहे, आय थ्री २१२० प्रोसेसर, एच ६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १० टाकलेलं आहे. पावसाळा सुरू झाला तसा त्रास सुरू झाला. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, लाइट लागते पण स्क्रीन काळाच, मग बंद करून परत चालू, असं चार-पाच वेळा केलं की एकदाचा येतो. आल्यावर तारीख १ जानेवारी दाखवतो आणि एफ वन किंवा एफ टू दाबा म्हणतो. आधी मी एफ वन दाबून बाहेर पडायचो, पंधरा दिवसांपूर्वी पुतण्या आला होता त्याने एफ टू दाबलं की डायरेक्ट पुढे जातं असं दाखवलं. पण तेव्हापासून विंडोजचं चिन्ह येतं आणि निळा स्क्रीन होऊन रीस्टार्ट होतो, त्यावर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं दिसतं. नवल असं की आधी दुपारी बंद करून संध्याकाळी लावला तर पहिल्या बटणाला चालू व्हायचा, तारीखही बरोबर असायची. आमच्याकडे विजा फार म्हणून रात्री मी प्लगच काढून ठेवतो. दुकानात नेला तर मदरबोर्ड गेलाय, हे बोर्ड आता येत नाहीत, नवीन घ्या म्हणाले. यात माझ्या वडिलांनी टाइप केलेली आमच्या घराण्याची वंशावळ आहे, किती वर्षं गावोगाव फिरून त्यांनी ती जमवली होती. ते आता नाहीत. काय करू?

उत्तर : आधी वंशावळ, मग पीसी. हा क्रम कृपा करून बदलू नका. पीसी दुरुस्त झाला नाही तर दुसरा मिळेल, वडिलांनी जमवलेली नावं परत कुणी जमवून देणार नाही. म्हणून पत्र वाचून झालं की सगळ्यात आधी प्लग काढा, कॅबिनेटचं डावं झाकण उघडा आणि हार्डडिस्क बाहेर काढा. तिला दोनच वायरी असतात, एक पॉवरची आणि एक डेटाची. बाजारात साटा टू यूएसबी ॲडॉप्टर मिळतो, म्हणजे हार्डडिस्क यूएसबीला जोडायची वायर, घेताना एवढं बघा की त्याच्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा चार्जर आहे, कारण डेस्कटॉपची मोठी साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, लॅपटॉपची छोटी फिरते. ती पुतण्याच्या लॅपटॉपला लावा आणि वडिलांचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा, एक पेनड्राइव्ह आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहील अशी कॉपी. विंडोजने "ही डिस्क स्कॅन करून दुरुस्त करू का" असं विचारलं तर सध्या नाही म्हणा. हे मी अनुभवाने सांगतोय, एका मरायला टेकलेल्या डिस्कवर मी आधी चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्रॅम) चालवलं आणि फोटो नंतर काढू म्हटलं, ते फोटो पुन्हा उघडले नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि अजून एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगणार नाही. वंशावळ मराठीत आहे आणि वडिलांनी ती सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर योगेश, सुरेख अशा फॉन्टमध्ये किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर ती युनिकोड नाहीये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप मराठी दिसणारी अक्षरं ती नाहीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसेल आणि तुम्हाला वाटेल फाइल खराब झाली. खराब झालेली नसते, फक्त तो फॉन्ट तिथे नसतो. त्यामुळे डिस्क लावलीच आहे तर विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्स हे फोल्डरपण पूर्ण कॉपी करून ठेवा, मग फॉन्ट लॅपटॉपवर टाका, फाइल उघडून बघा आणि लगेच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, मग ती कुठेही उघडते.

आता पीसी. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, "रात्री मी प्लगच काढून ठेवतो". मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तारीख-वेळ तोच सांभाळतो. पण कायम नाही, पीसी बंद असला तरी प्लग लावलेला आणि स्विच चालू असेल तर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय करंट बोर्डाला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलवर भार येत नाही. प्लग काढला की सगळं त्या सेलवर. तुमचा सेल २०१२ पासूनचा असेल तर तो कधीच संपलाय, तुम्हाला कळलं नाही कारण पावसाळ्याआधी प्लग कायम लावलेला असायचा. दुपारी बंद करून संध्याकाळी लावला की तारीख बरोबर यायची ती याच्यामुळेच. हे खरंय का ते बघायला पैसे लागत नाहीत, विजा नसतील अशा एका रात्री प्लग लावून ठेवा आणि सकाळी तारीख बघा.

सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. काढताना बाजूची छोटी पत्री क्लिप नखाने मागे ढकला, तो आपोआप वर उडतो, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, खालची पट्टी वाकते. नवीन बसवताना अधिकचं चिन्ह वरच्या बाजूला. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, नवीन सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, जुना २.७ च्या खाली असेल तर बोलायलाच नको.

पुतण्याला रागावू नका पण निळा स्क्रीन त्या एफ टू मुळे सुरू झालाय असं मला ठामपणे वाटतं. त्या स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की एफ वन दाबलंत तर सेटिंगमध्ये जा, एफ टू दाबलंत तर बायोसची (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मूळ सेटिंग भरून पुढे जा. मूळ सेटिंग म्हणजे फॅक्टरीतून बोर्ड आला तेव्हाची. त्यात हार्डडिस्कशी कसं बोलायचं याची एक सेटिंग असते, साटा मोड, त्यात आयडीई (जुनी पद्धत) आणि एएचसीआय (नवी पद्धत) असे पर्याय. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर मूळ सेटिंग आयडीई होती, आणि असेंबल करणाऱ्याने तुमच्यासाठी ती एएचसीआय करून मग विंडोज टाकलं असणार. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं त्याच मोडचा ड्रायव्हर बूट होताना तयार ठेवतं, मोड बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस येतं. विंडोज ७ असतं तर हाच बिघाड सेव्हन बी नंबरच्या निळ्या स्क्रीनने आला असता. डिस्क बिघडलेली नसते, विंडोजही बिघडलेलं नसतं, पण दुकानात लोक इथे सरळ फॉरमॅट मारतात आणि डेटा घालवून बसतात.

तर नवीन सेल बसवून हार्डडिस्क परत जोडल्यावर चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल, तारीख नीट करा, साटा मोड शोधा आणि जो असेल त्याच्या उलटा करा, एफ टेन दाबून सेव्ह. मोड बदलल्याने डिस्कवरचं काहीही पुसलं जात नाही, घाबरू नका, नाहीच जमलं तर परत जसं होतं तसं करता येतं. विंडोज आलं की जिंकलात. तारीख चुकलेली असताना वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून अडवत असतील तर तेही तारखेबरोबर थांबेल.

उरलं ते काळ्या स्क्रीनचं, आणि यात मला सेलवर सगळं ढकलता येत नाही. संपलेल्या सेलमुळे काही बोर्ड अडतात हे खरंय, म्हणून सेल बदलल्यावर दोन-चार सकाळी नुसतं बघा. थांबलं तर प्रश्नच मिटला. नाही थांबलं तर दोन संशयित, रॅम आणि एसएमपीएस.

कोकणातल्या पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरतो, संपर्क नीट होत नाही आणि बरोबर असाच पंखा फिरतो, स्क्रीन काळा. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जाईल, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या आणि रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून ती बाहेर काढा. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घेऊन दात हलक्या हाताने पुसा, रबराचा भुगा मऊ कापडाने झटका. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, एकदा निघाला की खालचा धातू अजून लवकर काळा पडतो. परत बसवताना दोन्ही बाजूंना टक् असा आवाज आला पाहिजे. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, मग स्लॉट बदलून बघा, एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय केल्याने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

आता ते "मदरबोर्ड गेला". हे तपासायची एक साधी परीक्षा आहे. चार पिनच्या जागेवर लागणारा छोटा बायोस स्पीकर मिळतो, तो लावा, रॅम पूर्ण काढून टाका आणि बटण दाबा. बोर्ड पीप पीप करून ओरडला तर प्रोसेसर जिवंत, बायोस जिवंत, बोर्डाला रॅम नाही एवढं कळतंय म्हणजे बोर्ड बहुतेक जिवंत. न ओरडता गप्प बसला तर मात्र संशय बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसवर. तुमचा पीसी चार-पाच प्रयत्नांनंतर का होईना पूर्ण चालू होतो, विंडोजच्या चिन्हापर्यंत जातो, मेलेला बोर्ड असं करत नाही.

एसएमपीएसचं लक्षणही ओळखीचं आहे. त्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम होऊन आतून सुकतात, गार असताना त्यांचं काम नीट होत नाही, दोन-चारदा करंट जाऊन थोडे ऊबदार झाले की चालतात, म्हणून सकाळी त्रास आणि एकदा चालू झाला की दिवसभर काही नाही. पीसी चालू असताना मल्टिमीटरने पिवळी वायर बघा, १२ व्होल्टची, ११.४ ते १२.६ च्या मध्ये पाहिजे. लाल ५ ची, ४.७५ ते ५.२५. पण मीटर बरोबर दाखवूनही एसएमपीएस खराब असू शकतो, त्यामुळे ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एका दिवसापुरता लावून बघणं हीच खरी तपासणी. एक कळकळीची विनंती, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर करंट साठून राहिलेला असू शकतो. बोर्डावरचे कपॅसिटर मात्र झाकण उघडून नुसत्या डोळ्यांनी बघता येतात, डोकं सपाट असलं पाहिजे, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं असेल तर तो फोटो काढून ठेवा आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, कपॅसिटर बदलणं हे त्याच्या हातातलं काम आहे.

प्रश्न : दादा, मी बार्शीला डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पालिकेच्या निवडणुका आल्या की पत्रकं. जुना पेंटियम फोर आहे, एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी, त्याचं लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं. परवापासून एनटीएलडीआर इज मिसिंग एवढंच येतंय. आणि डिस्कमधून मधूनच टक टक येतं. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत.

उत्तर : ताई, टक टक येत असेल तर हे वाचेपर्यंतही चालू ठेवू नका, बंद करा. एरवी हा मेसेज आला की मी आधी पेनड्राइव्ह, सीडी काढायला सांगतो, कारण बायोस चुकून त्यावरून बूट करायला गेला तरी हाच मेसेज येतो, नाहीतर एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट या एक्सपी सुरू करणाऱ्या दोन फाइली परत कॉपी केल्या की काम होतं. पण आवाज करणाऱ्या डिस्कवर हे करू नका. तिच्यात जितका वेळ शिल्लक आहे तो डेटा काढण्यात घालवा. ती बहुतेक रुंद रिबनची आयडीई डिस्क असेल, त्याचाही यूएसबी ॲडॉप्टर मिळतो. जाणकार कुणी असेल तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा काढून घ्या, तो आधी चांगला भाग पटकन उचलतो आणि खराब जागा नंतर पुन्हा पुन्हा वाचून बघतो, डिस्कला कमी त्रास होतो. टक टक सतत येत असेल आणि डिस्क दिसतच नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि आधी विचारा की काही निघालं नाही तर पैसे किती घेणार.

कॉपी झाल्यावर दुसऱ्या आयडीई डिस्कवर एक्सपी परत टाकता येईल, जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा. ते लॉक जपा, तुमच्या धंद्याची किल्ली तीच आहे, पीसी चालू असताना काढू-घालू नका. प्रिंटर पोर्टचं लॉक नवीन मशीनवर चालवणं अवघड जातं, म्हणून तुमच्या बाबतीत जुनं मशीन जिवंत ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग आहे, फक्त त्याला इंटरनेट जोडू नका, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबलेत. आणि गेल्या तीन-चार वर्षांतली नेहमी लागणारी कामं पीडीएफ करून वेगळी ठेवा.

प्रश्न : नांदेडहून लिहितोय, रूम बदलली, पीसी टेम्पोतून आणला, आता बटण दाबलं की तीन सेकंद चालतो आणि बंद, परत आपोआप चालू, परत बंद. आधी एकदम ओके होता.

उत्तर : टेम्पोत हादरे बसलेत, तिथूनच सुरू करूया. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर बसलेला असतो, त्यातली एखादी सुटते, खालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरपासून किंचित उचलला जातो आणि प्रोसेसर काही सेकंदांत इतका तापतो की स्वतःला वाचवायला बंद पडतो. हाताने हलवून बघ, डगमगतोय का. डगमगत असेल तर पूर्ण काढ, जुनी वाळलेली पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवीन थर्मल पेस्ट लाव, मग समोरासमोरच्या खिट्ट्या एकेक करून दाब, चारही टक् वाजल्या पाहिजेत. तसं नसेल तर प्रोसेसरजवळची चार पिनची १२ व्होल्टची वायर निघालीय का बघ, आणि एखादा सुटा स्क्रू बोर्डाखाली जाऊन अडकलाय का तेही, कॅबिनेट हळूच तिरपं करून हलवलं की खळखळ ऐकू येते.

प्रश्न : जुन्या पीसीत एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) टाकली, क्लोन केलं म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर घेतली, तरी जुन्याच डिस्कवरून चालू होतो. आणि विंडोज १० चे अपडेट बंद झालेत, तर इतका खर्च करावा का? (मिरज)

उत्तर : पहिल्या वेळी जुन्या डिस्कची वायर काढूनच चालू करा, क्लोन नीट झालाय का ते लगेच कळतं. मग बायोसमध्ये बूट ऑर्डर बघताना हार्डडिस्कची प्रायॉरिटी असं वेगळं पान असतं, तिथे एसएसडी वर घ्या, बऱ्याच जणांचं तेच राहतं.

खर्चाचं म्हणाल तर एसएसडीचा पैसा वाया जात नाही, उद्या पीसी बदललात तरी ती दुसऱ्यात लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे घेत नाही. बँकेची कामं त्यावर करत असाल तर तसंच चालवत राहू नका, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवर घेऊन आधी इन्स्टॉल न करता चालवून बघा, प्रिंटर आणि वायफाय चालतायत का ते तिथेच कळतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन नुसता जोडायचा. टॅलीसारखं फक्त विंडोजवरचं काही असेल तर मात्र ते आधी कळवा, मग पुढच्या अंकात त्याबद्दल बोलू.